सगळं माहीत असूनही पोरं चुकतात कशी? (मेडिकलवाल्याचं उत्तर)

तुम्ही विचारलंय, मुलगा अकरावीत आहे, शाळेत लैंगिक शिक्षणाचं सगळं शिकवलंय, तरी या वयातली मुलं ऐन वेळी अविचार का करतात आणि घरून काय बोलावं.

चोपडा तालुक्यात माझं मेडिकल आहे. मागे 19 वर्षांचा एक कॉलेजचा पोरगा आला. आधी विक्स घेतलं, मग ओआरएस. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत पंख्याकडे बघत उभा. शेवटी हळूच म्हणाला, "मना दोस्तले पाहिजे," आणि मोबाइलवर गर्भनिरोधक गोळीचं नाव दाखवलं. ती संबंधानंतर 72 तासांत घ्यायची असते, जितकी लवकर तितकी बरी. हे त्याला माझ्याइतकंच पाठ होतं. पण आज चौथा दिवस होता. तीन दिवस तो असं दुकान शोधत होता जिथे त्याच्या बापाला कोणी ओळखत नाही. शिरपूरला गेला तर तिथेही काउंटरवर आत्याचा दीर! मैत्रिणीला आजच डॉक्टरकडे ने, एवढंच मी सांगू शकलो. तोवर मीही प्रत्येकाला "कोना पोर्‍या रे तू?" विचारायचो. आपल्या खान्देशात तो जिव्हाळाच, पण त्या दिवसापासून बंद केलं.

म्हणजे माहिती कमी पडत नाही. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये मुलांना आणि मोठ्यांनाही स्क्रीनवर गाडी चालवायला दिली होती. 13 ते 16 वर्षांची मुलं एकटी असताना बऱ्यापैकी जपून चालवत, दोस्त बघायला बसले की पिवळ्या दिव्यालाही दामटत. 24 च्या पुढच्यांना दोस्त असले-नसले सारखंच. शांत डोक्यानं केलेला निश्चय तापलेल्या डोक्याला आठवत नाही, हे तर आपल्यालाही लागू आहे (भरीत पार्टीतली तिसरी भाकर आठवा).

त्यामुळे ठरवायचं ते आधीच, आणि नेमकं. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं दाखवलंय की "मी नीट वागेन" यापेक्षा "असं झालं तर मी हे करेन" ही गाठ जास्त टिकते. मुलाला विचारा, दोस्त चिडवायला लागले तर काय म्हणशील? तिनं नको म्हटलं तर? उत्तर त्याच्याच तोंडून येऊ द्या. अठराच्या आतल्या मुलामुलीची शरीरसंबंधाला संमती कायदा मानत नाही, पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा) 2012 पासून आहे, हे मात्र तुम्हीच स्पष्ट सांगा. आणि "काही घडलंच तर पहिला फोन मला, ओरडा नंतर," हेही सांगा. पुढे तो शब्द पाळा म्हणजे झालं.

तुमच्याशी बोलायला लाजला तर सरकारी दवाखान्यातली मैत्री क्लिनिक 10 ते 19 वयासाठीच आहेत, फुकट.

समोर बसवून बोलू नका. मी माझ्या पोराशी केळीच्या मळ्यात जाताना बोललो, गाडी तो चालवत होता, मी मागे. तोंडं दिसत नव्हती. पहिल्या वेळी तो फक्त "हां पप्पा" म्हणाला. तिसऱ्या वेळी यावलचा फाटा सोडून पुढे निघून गेलो, इतकं बोलत होता.