वन रूम किचनमध्ये कॅफेसारखी कॉफी करायला कोणतं मशीन घ्यावं?

तुमचा ओटा साडेचार फुटांचा. त्यावर शेगडी, मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर. उरलेल्या वीतभर जागेत मावेल असं मशीन तुम्हाला हवंय. मशीन मावेल हो. पण त्याच्याशेजारी बिया दळायला ग्राइंडर लागतो, आणि बऱ्याच मशीनची टाकी वरून भरायची असते, तिथे डोक्यावरचं कपाट आडवं येतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले 15 बार हा पंपाच्या दाबाचा आकडा असतो. एस्प्रेसोला, म्हणजे कॅफेतल्या कॉफीच्या दाट अर्काला, 9 बारच्या आसपास पुरतात, आणि दळण चुकलं तर तेही फुकट.

मशीन घेऊ नका. स्टीलचा किंवा पितळेचा साउथ इंडियन फिल्टर घ्या. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला भोकं, आणि पुडीवर ठेवायला दांडा असलेली चकती. पाणी प्यायच्या पेल्याएवढी जागा खातो, वीज लागत नाही, आणि बिघडायला त्यात काही नाही.

दोन माणसांचाच घ्या. 'पाहुणे आले तर' म्हणून मोठा घेतात आणि तिथेच फसतात. मोठ्या भांड्यात थोडी पूड टाकली की थर पातळ बसतो, पाणी सरळ धावत खाली जातं आणि डिकॉक्शन, म्हणजे खाली गळणारा कॉफीचा अर्क, पाणचट होतं. थर दोनेक सेंटीमीटर तरी हवा. घेताना वरचं भांडं उजेडाकडे धरून बघा. भोकं बारीक आणि सगळी एकसारखी हवीत.

वरचं भांडं पूर्ण कोरडं करा. त्यात 25 ग्रॅम पूड, म्हणजे साधारण पाच सपाट टेबलस्पून. भांडं ओट्यावर हलकं आपटून थर सारखा करा आणि दांड्याची चकती वर नुसती ठेवा, दाबू नका. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी तीन-चार चमचे पाणी गोल फिरवत घाला. पूड फुगू द्या. अर्ध्या मिनिटाने बाकीचं घाला, एकूण 150 मिली, आणि झाकण ठेवा. पूड स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली 100 मिलीच मिळेल. 'पाणी कुठे गेलं' म्हणून वरून आणखी ओतू नका.

पंधरा-वीस मिनिटांत गळून व्हायला हवं. पाच मिनिटांत संपलं तर दळण जाड आहे. तासाभरानंतरही अर्धं वरच असेल तर दळण फार बारीक आहे, नाहीतर चकती दाबली गेलीय. तिसरं कारण फारसं कोणाला सुचत नाही. दोन्ही भांडी एकमेकांत घट्ट बसली की खालची हवा कोंडते आणि थेंबच पडत नाही. वरचं भांडं किंचित फिरवून सैल करा, लगेच गळायला लागतं. चमच्याने पूड ढवळायची नाही, गाळ खाली येतो. भोकं बुजली असतील तर रिकामं भांडं चिमट्यात धरून तळ आचेवर तापवा, अडकलेली पूड जळते. मग गार करून ब्रशने घासा.

एका कपाला 50 मिली डिकॉक्शन आणि 100 ते 120 मिली नुकतंच उकळलेलं फुल क्रीम दूध. डिकॉक्शन परत उकळलं की कडू होतं, म्हणून ते गारच राहू द्या, दूध कडकडीत घ्या. फेसासाठी वेगळं यंत्र नको, वाटी-पेल्यात दोन-तीनदा उंचावरून ओतलं की झालं.

आता चिकोरी, फिल्टर कॉफीच्या पुडीत मिसळतात ती. 'प्युअर कॉफीच प्यावी, चिकोरी म्हणजे भेसळ' हे मी माझ्या मेहुण्याकडून इतक्या वेळा ऐकलंय, की इथे लिहूनच ठेवतो. भेसळ लपवून करतात. चिकोरीचं प्रमाण पाकिटावर छापावंच लागतं, आणि कायद्याने कॉफी निदान 51 टक्के असावी लागते. ही सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती, तिचं मूळ भाजून दळतात. कॅफीन शून्य. तिची पूड पाण्यात फुगते, थर दाटतो आणि पाणी सावकाश उतरतं. म्हणजे फिल्टरमध्ये ती कामच करते. शिवाय दुधात कॉफी फिकी पडत नाही. मात्र कॉफी-चिकोरीचं 60:40 वगैरे मिश्रण मुख्यतः हिशेबासाठी असतं, चिकोरी स्वस्त पडते. घरी 80:20 घ्या, 85:15 उत्तम. बिनचिकोरीची हवीच असेल तर दळण थोडं बारीक करा आणि पूड 30 ग्रॅम घ्या. त्याच मापाने करून 'फिल्टरमध्ये मजा नाही' म्हणू नका. (वाचतोयस ना?)

पूड दळून देणाऱ्या दुकानातून आणा, मुंबईत असाल तर माटुंग्याला चक्कर मारा. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. तिथे 'प्लान्टेशन' म्हणजे धुऊन वाळवलेली अरेबिका आणि 'पीबी' म्हणजे पीबेरी, फळात एकच गोल बी असलेली. दुधाच्या कॉफीत थोडी रोबस्टा असलेली चांगलीच, शंभर टक्के अरेबिकाचा हट्ट नको. एका वेळी 100 ग्रॅमच आणा, दहा दिवसांनी वास उतरतो. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, मसाल्याच्या डब्यापासून लांब ठेवा. फ्रिजमध्ये नको, रोज आत-बाहेर केलं की ओल धरते.

हे सगळं दुधाच्या कॉफीबद्दल झालं, तुम्ही काळी पिता का हे विचारायचं राहिलंच. काळी पीत असाल तर मोका पॉट घ्या, म्हणजे शेगडीवर ठेवायचं, वाफेच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढवणारं भांडं. तोही तेवढ्याच जागेत मावतो. पाणी खालच्या भागातल्या व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच भरा, आच मंद ठेवा आणि फुरफुरायला लागला की लगेच उतरवा. ॲल्युमिनियमचा साधा मोका इंडक्शनवर चालत नाही, आणि लहान मोका आपल्या शेगडीच्या स्टँडवर नीट बसत नाही, कलंडतो. बर्नरवर ठेवायची छोटी जाळी भांड्यांच्या दुकानात मिळते, ती सोबतच घ्या.