नागाचा जीनोम वाचून झाला, मग घोडा अजून कशाला?

प्रश्न : आरे कॉलनीला लागून आमची सोसायटी, पावसाळ्यात नाग निघतोच. नागाचा अख्खा जीनोम वाचलाय असं ऐकलं. मग अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, अजून घोड्याच्या रक्तातूनच का काढतात? आणि ते अ‍ॅनोटेशन काय असतं?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : वाचलाय हे खरंय, २०२० च्या जानेवारीत भारतीय नागाचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा अख्खा मजकूर, जाहीर झाला, साधारण १७९ कोटी अक्षरं. पण मशीन ही अक्षरं सलग देत नाही, तुकडे देतं, ते आपण जोडायचे. आणि विषाच्या जनुकांची (जनुक म्हणजे एखादं प्रथिन बनवायची सूचना असलेला डीएनएचा तुकडा) पंचाईत अशी की ती शरीरातल्या साध्या जनुकांच्याच कॉप्या होत होत बनलीत, बरीचशी शेजारी शेजारी, दिसायला जवळपास सारखी, त्यामुळे छोटे तुकडे जोडताना कॉम्प्युटर तीन कॉप्यांची एकच करून टाकू शकतो. म्हणून लांब तुकडे वाचणारी मशीनंही वापरली.

अ‍ॅनोटेशन म्हणजे कुठलं जनुक कुठून कुठपर्यंत आणि ते काय बनवतं हे त्या अक्षरांवर लिहून ठेवणं. खरी मेहनत इथेच आहे असं मला वाटतं. नुसता डीएनए बघून विषाचं जनुक पक्कं कळत नाही, कारण त्याचं निरुपद्रवी भावंड दुसऱ्या कुठल्यातरी अवयवात मुकाट काम करत असतं, मग विषग्रंथीतला आरएनए, म्हणजे चालू असलेल्या जनुकांची नक्कल, काढला, बाकीच्या अवयवांतलाही काढला आणि ताडून पाहिलं. २३,२४८ जनुकांमधून १३९ विषाची निघाली, त्यातली १९ फक्त विषग्रंथीतच चालू असतात. ही १९ म्हणजे नेमका नेम कुठे धरायचा त्याचा पत्ता!

आता घोडा. त्याला थोडं थोडं विष टोचतात आणि रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडी, म्हणजे विषाला पकडून निकामी करणारी प्रथिनं, काढून घेतात, आपल्या परळच्या हाफकिन संस्थेने कित्येक दशकं हेच केलंय. पण विषातल्या कमी घातक प्रथिनांवरही अँटीबॉडी बनतात, शिवाय घोड्याच्या प्रथिनांची पेशंटला अ‍ॅलर्जी येऊ शकते. जनुक हातात असलं की तेवढंच विष लॅबमध्ये बनवून त्यालाच पकडणारी अँटीबॉडी शोधता येते. मात्र एका नागाच्या जीनोमवर सगळं भागत नाही, प्रदेशाप्रमाणे विष बदलतं, आणि मण्यार, घोणस, फुरसं आहेतच.

त्यामुळे आज तुमच्याकडे कुणाला साप चावला तर चिरा देऊ नका, दोरी आवळू नका, हात-पाय हलू न देता लगेच हॉस्पिटल गाठा, तिथे जीव वाचवणारं औषध आजही हेच घोड्याचं आहे.