निवडलेला तालुका जातो कुठे?

वाचकांचे प्रश्न : डेस्कटॉप प्रोग्रॅममधल्या याद्या

लिस्टबॉक्स, म्हणजे नावांची यादी दाखवणारी चौकट, हे दिसायला सगळ्यांत गरीब कंट्रोल. चार नावे भरली, एकावर क्लिक केले, झाले. तरी या खेपेच्या पत्रांत तक्रारी त्याच्याच जास्त आहेत. एक सूचना आधीच : आज्ञांची नावे इथे देवनागरीत छापली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच मूळ इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायची.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पायथॉन आणि टीकेइंटर (पायथॉनची खिडक्या बनवायची लायब्ररी) वापरून खिडकी केली आहे. डाव्या लिस्टबॉक्समध्ये गोव्याचे १२ तालुके, उजव्यात निवडलेल्या तालुक्यातली गावे. बार्देशवर क्लिक केले की कळंगूट, हळदोणे, शिवोली बरोबर येतात. पण हळदोण्यावर क्लिक करताच बार्देशवरची निळी पट्टी जाते आणि टर्मिनलवर 'टपल इंडेक्स आउट ऑफ रेंज' उमटते. क्लिक उजवीकडे आणि चूक डावीकडच्या फंक्शनमध्ये, हे कसे? — विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : तुमच्या प्रोग्रॅमचा तर्क बरोबर आहे, आड येतो आहे तो एक पर्याय. टीकेइंटरच्या प्रत्येक लिस्टबॉक्सला 'एक्स्पोर्टसिलेक्शन' असतो आणि काही सांगितले नाही तर तो चालूच असतो. हा वारसा युनिक्सवरच्या एक्स विंडो व्यवस्थेचा. तिथे माउसने जे निवडाल ते मधले बटण दाबून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये चिकटवता येते, आणि ही निवड एका वेळी एकाच्याच मालकीची असते. हळदोणे निवडल्याबरोबर मालकी उजव्या लिस्टबॉक्सकडे गेली आणि डाव्याने आपली पट्टी सोडली. विंडोजवरही एकाच प्रोग्रॅममधल्या दोन लिस्टबॉक्सना हा नियम लागतो.

आता चूक डावीकडे का? निवड सुटणे हाही निवडीतला बदलच. त्यामुळे 'लिस्टबॉक्ससिलेक्ट' हा इव्हेंट डाव्या बाजूलाही येतो. तुमचे फंक्शन धावते, 'कर्सिलेक्शन' (निवडलेल्या ओळींचे क्रमांक) विचारते, उत्तरादाखल रिकामा टपल (पायथॉनची न बदलणारी यादी) मिळतो, आणि त्यातला शून्य क्रमांकाचा घटक मागितला की गाडी अडते. ज्यांनी कर्सिलेक्शनचे उत्तर थेट ओळीचा मजकूर देणाऱ्या 'गेट'ला दिले असेल त्यांना याच जागी 'बॅड लिस्टबॉक्स इंडेक्स' असा संदेश दिसेल. दुखणे तेच.

दोन्ही लिस्टबॉक्स तयार करताना एक्स्पोर्टसिलेक्शन 'फॉल्स' करा. एकालाच करून भागत नाही; उद्या तिसरी यादी आली की तोच घोळ. शिवाय फंक्शनच्या पहिल्या ओळीतच कर्सिलेक्शनचे उत्तर एका व्हेरिएबलमध्ये घ्या आणि ते रिकामे असेल तर तिथूनच परत फिरा. हा पहारा पर्याय बंद केल्यावरही हवा. तालुका बदलला की तुम्ही उजवी यादी पुसून नव्याने भरता, तेव्हा तिथे काहीच निवडलेले नसते. त्या क्षणी कोणी 'जतन करा' दाबले तर तीच चूक उजवीकडे येईल.

प्रश्न : मासळीच्या ऑर्डरींची यादी आहे. 'एक्स्टेंडेड' मोड ठेवून तीन ओळी निवडतो आणि एका लूपमध्ये डिलीट करतो. चुकीचे मासे जातात, आणि तीन निवडले तर दोनच जातात. चूक म्हणून काहीच दिसत नाही. — वाचक, मडगाव

उत्तर : कागदावर मांडले की लगेच दिसते. समजा यादी अशी : ० बांगडे, १ तारले, २ इसवण, ३ सुंगटे, ४ मोरी, ५ लेपो. तुम्ही १, ३ आणि ५ निवडले. कर्सिलेक्शनने हे तीन आकडे दिले आणि लूप सुरू झाला. १ पुसला, तारले गेले. बरोबर. पण आता खालच्या सगळ्या ओळी एक पायरी वर सरकल्या : १ इसवण, २ सुंगटे, ३ मोरी, ४ लेपो. लूपच्या हातात मात्र जुनाच ३ आहे. तो पुसला आणि सुंगट्यांऐवजी मोरी गेली. उरल्या चार ओळी, ० ते ३. आता ५ पुसायला सांगितले. अशी ओळच नाही, आणि टीकेइंटर अशा वेळी गप्प बसतो. तिसरा मासा गेला नाही तो म्हणून. सी शार्प भाषेत ओळ काढणाऱ्या 'रिमूव्हअ‍ॅट'ने इथे निदान आरडाओरडा केला असता. ते परवडले.

कर्सिलेक्शनचे आकडे 'रिव्हर्स्ड'मधून घ्या आणि खालून वर पुसत या. आधी ५, मग ३, मग १. खालची ओळ गेल्याने वरच्यांचे क्रमांक हलत नाहीत. विंडोज फॉर्म्समध्येही (सी शार्पची खिडक्या बनवायची साधने) तेच : 'सिलेक्टेडइंडायसेस'वर शेवटून सुरू होणारा साधा फॉर लूप. तिथे सिलेक्टेडआयटम्सवर फॉरईच चालवून आतच ओळी काढू नका. ज्या संग्रहावर लूप फिरतो तोच बदलला की अपवाद येणारच.

प्रश्न : मतदारयादीसारखा सरावाचा प्रोग्रॅम आहे. यादीत 'केरी' निवडले की नेहमी फोंड्याचीच केरी उघडते. सत्तरीची आणि पेडण्याची केरी उघडतच नाहीत. — वाचक, वाळपई

उत्तर : तुम्ही डिक्शनरी (किल्ली दिली की नोंद देणारा साठा) गावाच्या नावावर बांधली आहे. एका किल्लीला एकच कुलूप. पेडण्याची केरी आत गेली, तिच्यावर सत्तरीची बसली, तिच्यावर फोंड्याची. शेवटची उरली.

नाव ही ओळख नव्हे, आणि मडगावच्या वाचकांनी पाहिले तसा ओळीचा क्रमांकही नव्हे. प्रत्येक नोंदीला न बदलणारा आयडी द्या, डेटाबेस असेल तर त्यातलाच, आणि यादीतल्या ओळीला तो बांधून ठेवा. बांधायची जागा प्रत्येक साधनात वेगळी. टीकेइंटरच्या साध्या लिस्टबॉक्सला अशी जागाच नाही, म्हणून शेजारी आयडींची पायथॉन लिस्ट ठेवावी लागते. यादीत ओळ घालताना, काढताना, क्रम लावताना तीही त्याच वेळी बदलायची, एकदा विसरलात की सगळे ओळीने चुकते. त्याच्याच ट्रीव्ह्यूमध्ये (स्तंभ असलेल्या यादीत) 'इन्सर्ट' करताना 'आयआयडी', म्हणजे ओळीचा आयडी, देता येतो. क्यूटी या लायब्ररीच्या क्यूलिस्टविजेटमध्ये 'युजररोल'खाली सेटडेटा करावा. विंडोज फॉर्म्सच्या लिस्टव्ह्यूत 'टॅग' आहे, लिस्टबॉक्सला 'व्हॅल्यूमेंबर'.

तुमच्या प्रोग्रॅमला ट्रीव्ह्यू बरा, कारण गावाशेजारी तालुक्याचा स्तंभही दाखवता येईल आणि वापरणाऱ्यालाही तीन केऱ्यांतला फरक कळेल. 'शो' या पर्यायाला 'हेडिंग्ज' द्या, नाहीतर डावीकडे एक रिकामा स्तंभ राहतो. दोन खाचखळगे लक्षात असू द्या. एकच आयआयडी दुसऱ्यांदा दिला तर 'ऑलरेडी एक्झिस्ट्स' म्हणून चूक येते, आणि ती आलेली चांगली. दुसरे म्हणजे तुम्ही आकडा १२ दिलात तरी 'सिलेक्शन' परत देते ते '१२' हे अक्षररूप. डिक्शनरीत किल्ली आकडा असेल तर 'की एरर' येईल. आधी 'इंट' करून घ्या.

प्रश्न : ट्रीव्ह्यूमध्ये फोन नंबर '०८३२'ने सुरू होताना दिसतात. ओळ निवडून खालच्या चौकटीत दुरुस्तीसाठी आणले की सुरुवातीचे शून्य गायब. डेटाबेसमध्ये ते अक्षररूपच आहेत, तपासले. — वाचक, पणजी

उत्तर : शून्य खाल्ले ते 'आयटम' या आज्ञेने. तुम्ही बहुधा आयटमला फक्त आयआयडी देता, ती पूर्ण डिक्शनरी परत देते, आणि तुम्ही त्यातून 'व्हॅल्यूज' काढता. या वाटेने येताना टीकेइंटर प्रत्येक मूल्य आकडा होतो का ते करून पाहतो. '०८३२' चे ८३२ होते. देवनागरी आकड्यांत लिहिले तरी सुटका नाही. पायथॉनच्या इंटला तेही आकडे कळतात, उलट परत येताना ते इंग्रजी आकडे होऊन येतात!

आयटमला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून 'व्हॅल्यूज' हा शब्द तिथेच द्या. मग हे रूपांतर होत नाही आणि अक्षरे जशीच्या तशी मिळतात. एकाच स्तंभाचे मूल्य हवे असेल तर 'सेट'ला आयआयडी आणि स्तंभाचे नाव द्या, तिसरे काही देऊ नका. नाव 'सेट' असले तरी असे दिल्यावर ते वाचून देते. पण खरे म्हणजे दुरुस्तीची चौकट पडद्यावरच्या यादीतून भरूच नये. आयआयडी घ्या आणि नोंद मूळ डेटातून आणा. पिनकोड, आधार, बिल क्रमांक, सगळ्यांची काळजी एकदम मिटते.

प्रश्न : गावांची यादी अकारविल्हे लावली तर वाळपई वास्कोच्या आधी येते. शाळेत 'ळ' शेवटी शिकलो. संगणक चुकतो की आम्ही? — निवृत्त शिक्षक, डिचोली

उत्तर : तुमचे बरोबर आहे. पायथॉनचे 'सॉर्ट' मराठी वर्णमाला पाहत नाही, युनिकोडमधले क्रमांक पाहते. तिथे 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर, 'व'च्या आधी बसवला आहे. म्हणून 'ळ' हा 'स'च्या आधी लागतो.

छोटी युक्ती चालते. 'सॉर्टेड'ला 'की' म्हणून असे फंक्शन द्या, जे नावातल्या प्रत्येक 'ळ'च्या जागी अवग्रह 'ऽ' ठेवून ते परत करते. युनिकोडमध्ये अवग्रहाची जागा 'ह'नंतर आणि काना-वेलांट्यांच्या आधी आहे, नेमकी आपल्याला हवी तिथे. हा बदल तुलनेपुरताच, यादीत नाव मूळचेच दिसते. वास्को आधी, वाळपई नंतर. अनुस्वार युनिकोडमध्ये सर्व व्यंजनांच्या आधी असल्याने सांगे साखळीच्या आधी लागेल. 'क्ष' आणि 'ज्ञ'ही शेवटी हवे असतील, तर हाताने ठिगळे लावत बसू नका. आयसीयू ही लायब्ररी घ्या, तिच्यात मराठीचे क्रमनियम आहेत.

प्रश्न : वाचनालयाची ४०,००० पुस्तके यादीत भरताना खिडकी गोठते. शोधचौकटीत प्रत्येक अक्षराला पुन्हा तेच. थ्रेड वापरू का? — वाचक, म्हापसा

उत्तर : थ्रेड, म्हणजे बाजूने चालणारे दुसरे काम, इथे नको. दुसऱ्या थ्रेडमधून विजेटला (खिडकीतल्या कंट्रोलला) हात लावला की कधी चालते, कधी अडकते, आणि तो कधी अडकेल हे सांगता येत नाही.

लिस्टबॉक्सच्या 'इन्सर्ट'ला एकेक नाव ४०,००० वेळा देण्यापेक्षा यादीच्या नावाआधी तारांकन (*) लावून सगळी यादी एकाच हाकेत द्या. शोधासाठी प्रत्येक अक्षरावर यादी भरू नका. 'आफ्टर'ने २५० मिलिसेकंदांनंतरचे काम लावा, पुढचे अक्षर आले की 'आफ्टर कॅन्सल'ने आधीचे रद्द करा. बोटे थांबली की एकदाच यादी भरेल. आणि निकालाच्या पहिल्या २०० ओळीच दाखवा. दोनशेच्या खाली कोण सरकवत बसतो? गाळणी मात्र मेमरीतल्या डेटावर लावा, यादीतल्या ओळींवर नाही.

सी शार्पवाल्यांनी 'बिगिनअपडेट', 'अ‍ॅडरेंज', 'एंडअपडेट' हा क्रम ठेवावा. लिस्टव्ह्यूचा 'व्हर्च्युअलमोड' याहून चांगला : एकूण ओळींची संख्या सांगायची, दिसणाऱ्या ओळी तो स्वतः मागून घेतो. त्या मोडमध्ये आयटम्समध्ये 'अ‍ॅड' करायला गेलात तर अपवाद येतो. क्यूटीत क्यूलिस्टविजेट सोडून क्यूलिस्टव्ह्यू आणि आपले मॉडेल.

प्रश्न : सी शार्पच्या लिस्टबॉक्सला 'डेटासोर्स' म्हणून ग्राहकांची लिस्ट दिली. आता 'आयटम्स'मध्ये अ‍ॅड केले की अपवाद, मूळ लिस्टमध्ये अ‍ॅड केले तर पडद्यावर काही नाही. शिवाय नावाच्या जागी क्लासचे नाव दिसते. — वाचक, वास्को

उत्तर : डेटासोर्स दिला की आयटम्सची मालकी त्याच्याकडे, तिथे हात घालता येत नाही. साधी लिस्ट 'माझ्यात भर पडली' असे कोणाला कळवत नाही. तिच्या जागी 'बाइंडिंगलिस्ट' घ्या; तिच्यात अ‍ॅड केले की यादी आपोआप बदलते. क्लासचे नाव दिसते कारण 'डिस्प्लेमेंबर' दिलेला नाही, किंवा दिला आहे पण क्लासमध्ये नाव हे नुसते फील्ड आहे. प्रॉपर्टीच लागते, निदान गेटवाली.

प्रश्न : टीकेइंटरच्या लिस्टबॉक्सला 'लिस्टव्हेरिएबल'मधून नावे दिली तर 'जुने गोवे' दोन ओळींत येते, 'वास्को द गामा' तीन ओळींत. — वाचक, चोडण

उत्तर : तुम्ही स्ट्रिंगव्हारला (त्या व्हेरिएबलला) सगळी नावे एकाच लांब वाक्यासारखी जोडून देता. टीकेइंटरच्या आतली टीसीएल भाषा ती यादी म्हणून वाचते आणि मोकळी जागा दिसली की तोडते. जोडू नका. नावांचा टपल तसाच द्या, जुने गोवे अखंड राहील.