लंडन ते टोकियो विमानाने अंतर किती आणि किती तास लागतात?

तुमचा प्रश्न असा आहे की सगळीकडे अंतर 9,600 किलोमीटर दाखवतात, विमान ताशी 900 किलोमीटरने उडतं, म्हणजे अकरा तासांच्या आत पोचायला हवं. मग तिकिटावर 14 तास कसे?

भागाकार बरोबर आहे, घोळ अंतरात आहे. साधारण 9,600 किलोमीटर म्हणजे पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा घट्ट ताणला तर होणारी लांबी. हा दोरा बराचसा रशियावरून, सायबेरियावरून जातो. 2022 च्या सुरुवातीपर्यंत विमानंही जवळपास तिथूनच जायची आणि साडेअकरा-बारा तासांत पोचायची. मग युक्रेन युद्ध पेटलं. रशियाने ब्रिटिश विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि जपानी कंपन्यांनीही तो मार्ग सोडला.

आता लंडनहून निघालेलं विमान बहुतेक वेळा तुर्कस्तान, कॅस्पियन समुद्र, कझाकस्तान, चीन असा रशियाला खालून वळसा घालून जातं. परतीची वाट तर आणखी गमतीची. जायचंय पश्चिमेला, पण टोकियोहून निघालेली कित्येक विमानं आधी ईशान्येला वळतात आणि अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंड, आइसलंड करत लंडन गाठतात. समोरच्या स्क्रीनवरचा नकाशा बघून नवखा प्रवासी दचकतोच! कारण वारा. जपानच्या डोक्यावर दहा-अकरा किलोमीटर उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, आणि हिवाळ्यात त्याचा वेग कधीकधी ताशी 300 किलोमीटरच्याही वर जातो. चीनवरून परतायचं तर हे वारं तोंडावर घ्यावं लागतं. त्यापेक्षा लांबचा पण उत्तरेकडचा रस्ता परवडतो.

तसा हा रस्ता जुनाच. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बंद होतं, तेव्हा युरोप-जपान विमानं अलास्कातल्या अँकरेजला इंधन भरायला थांबायची. एसएएस या स्कँडिनेव्हियन विमान कंपनीने 1957 मध्ये कोपनहेगन-अँकरेज-टोकियो सेवा सुरू केली होती. आजची विमानं मध्ये थांबत नाहीत, एवढाच फरक.

शिवाय तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं त्यातच आलं. म्हणून मला विचाराल तर अंतर मोजणाऱ्या साइटवरचा 'फ्लाइट टाइम' बघूच नका, वेळापत्रक बघा.

पण वेळापत्रकातल्या वेळा स्थानिक असतात, तिथे नुसती वजाबाकी करून चालत नाही. समजा, हिवाळ्यात विमान लंडनहून संध्याकाळी 7 ला निघून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 6 ला टोकियोत उतरतंय. वरवर 23 तास दिसतात. टोकियो नऊ तास पुढे, म्हणून खरे 14. परतीचं विमान सकाळी 9 ला निघून त्याच दिवशी दुपारी अडीचला लंडनला. दिसतात साडेपाच, खरे साडेचौदा.

टाइम झोन आठवत नसेल तर जाण्याचे आणि येण्याचे दिसणारे तास मिळवा आणि अर्धे करा. 23 आणि साडेपाच मिळून साडेअठ्ठावीस, निम्मे सव्वाचौदा. ही झाली दोन्ही बाजूंची सरासरी. उन्हाळ्यात लंडनची घड्याळं तासभर पुढे जातात, जपानमध्ये तसं काही करत नाहीत, त्यामुळे फरक आठ तासांवर येतो. या हिशेबाला त्यानेही काही फरक पडत नाही.