गठ्ठ्याची दोरी सोडण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद. संग्रहालयात इंटर्नशिप मिळाली, पण प्रदर्शनाऐवजी पेट्यांची यादी करायचं काम आलं म्हणून तुझा हिरमोड झालेला दिसला. पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले.

विद्यार्थिनी असताना एका संस्थेत माझ्याकडेही जुन्या पत्रांची पेटी आली होती. पत्रं उलटसुलट दिसली, म्हणून दोन दिवस खपून मी ती तारखेप्रमाणे लावली. तिथल्या बाईंनी एवढंच विचारलं, "आधी कुठलं पत्र कुठल्या पत्राबरोबर बांधलेलं होतं?" मला सांगता येईना. जिने ती जपली तिने कोणती पत्रं एकत्र ठेवली, यातून तिच्याबद्दल खूप काही कळलं असतं. ते मी कायमचं पुसून टाकलं. कागदांची मूळ मांडणी मोडायची नाही, हा दंडक जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या सरकारी दप्तरखान्याने १८८१ सालीच घालून घेतला होता. मला त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून गठ्ठ्याची दोरी सोडण्याआधी फोटो काढ, क्रम लिहून ठेव. हातात पेन्सिलच हवी, पेन नको. गंजलेली टाचणी दिसली तरी विचारल्याशिवाय ओढू नकोस.

जुन्या आठवणी सांगणाऱ्यांच्या मुलाखती घेशील, त्यांनाही हेच लागू. आजी साल चुकीचं सांगत असतील तर मध्येच दुरुस्त करू नकोस; त्यांनी त्या सालाशी काय जोडलंय ते ऐक, टीप नंतर घाल. आणि संमतीपत्र सहीपुरतं पुढे सरकवू नकोस, आधी वाचून दाखव.

केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियमची माहिती जरूर मिळव. डिस्ट्रिक्ट सिक्स ही त्या शहरातली वस्ती; १९६६ साली ती गोऱ्यांसाठी राखीव ठरली आणि पुढे ६०,०००हून अधिक माणसं तिथून हुसकावली गेली. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात जमिनीवरच वस्तीचा भलामोठा नकाशा आहे. त्यावर आपापलं घर कुठे होतं, ते जुन्या रहिवाशांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय. मांडणी त्यांची. मला हे काम इतकं जवळचं वाटतं ते यासाठीच.

मोबदला, प्रवासखर्च आणि कामावर तुझं नाव येणार का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घे. त्यात संकोच कसला?

पहिल्या पेटीत काय निघालं ते कळव.

तुझी,
बाई