पुण्यात हिवाळ्यात पहाटे सायकल चालवताना चेहरा गारठतो, काय वापरावं?

तुम्ही लिहिलंय की पहाटे साडेपाचला वारज्याहून खडकवासल्याकडे निघता, गाल बधिर होतात, डोळ्यांतून पाणी वाहतं आणि कोणीतरी महागातला निओप्रीनचा, म्हणजे जाड रबरी कापडाचा, फेसमास्क घ्यायला सांगितलाय. नका घेऊ. पुण्यात त्याची गरज नाही आणि कोणी सांगितलं असेल याचाही मला अंदाज आहे कारण तसले सल्ले मी खूप ऐकलेत.

'पुण्यात कसली आलीय थंडी' म्हणणाऱ्यांकडेही लक्ष देऊ नका. शिवाजीनगरला 10 अंश असतं तेव्हा पाषाण, एनडीएच्या बाजूला त्याहून कमी असू शकतं, आणि सायकलवर वारा आपणच तयार करतो. 10 अंशात उतारावर 40 च्या स्पीडने आलात तर उघड्या कातडीला ते 6 अंशांसारखं लागतं. पण तेच ऊन वर आलं की तासा-दीड तासात सगळं काढून टाकावंसं वाटतं, दुपारी तर 28-29 असतं. म्हणून इथे जाड नाही, पटकन काढता-घालता येणारं पाहिजे.

माझे बाबा पेपरची लाईन टाकायचे. पहाटे चारला सेंटरवर जाऊन गठ्ठे घ्यायचे, मग सदाशिव, नारायण, शनिवार पेठ. त्यांचा एक तपकिरी लोकरी मफलर होता. तो तिरका दुमडून आधी कानांवरून घ्यायचे, हनुवटीखाली एक पीळ, मग दोन्ही टोकं छातीवर फुली करून स्वेटरच्या आत, आणि स्वेटर नि शर्टच्या मध्ये आदल्या दिवशीच्या उरलेल्या पेपरचं एक पान. नाक उघडं. निघण्याआधी कोकमतेलाचा गोळा गॅसवर तापवलेल्या चमच्यावर फिरवायचे आणि ते गालाला, ओठांना लावायचे. कान आणि गळा झाकला की तोंड आपोआप सहन करतं असं ते म्हणायचे आणि मला आजवर त्यात काही खोट सापडलेली नाही.

आता गेल्या जानेवारीतलं सांगते. आमच्या ग्रुपची सिंहगड राईड होती. ग्रुपमधल्या एका सिनियर दादांनी सगळ्यांसाठी ते नाकावरून येणारे निओप्रीन मास्क एकत्र मागवले होते. माझ्या हातात मफलर बघून सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, आपण भाजी आणायला निघालो नाही, हे घरी ठेवायचं." मी मास्क घेतला नाही. गोळेवाडीच्या नाक्यापासून घाट सुरू झाला तसा मी मफलर काढून पाठीमागच्या खिशात टाकला, चढावर चेहऱ्याला ऊब लागतच नाही, घाम येतो. बाकीचे मास्क लावूनच चढले. वर पोचेपर्यंत प्रत्येकाचा मास्क घामाने आणि श्वासाच्या वाफेने आतून ओला. पिठलं-भाकरी झाली, उतरायला लागलो, मी कोरडा मफलर बांधला, आणि दादांचं काय झालं तर ओला मास्क, त्यात वरती येणाऱ्या श्वासाने चष्म्यावर वाफ, दर वळणावर थांबून पुसायचा, शेवटी मास्क खाली ओढला तर ओल्या हनुवटीवर सगळा वारा. मी खाली येऊन चहा संपवला तेव्हा ते आले. आणि तरी पुढच्या भेटीत पुन्हा तेच, "मफलर म्हणजे जुन्या लोकांची सवय, टेक्निकल फॅब्रिक ते टेक्निकल फॅब्रिक." टेक्निकल असलं तरी ओलं ते गारच लागणार ना. जुन्या लोकांची सवय म्हणता, पण पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते पहाटे पेपर, दूध टाकणाऱ्या आणि फर्स्ट शिफ्टला जाणाऱ्या माणसांमुळे. थंडीत सायकल कशी चालवायची हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

तर तुमच्यासाठी: एक पातळ बफ (डोक्यातून गळ्यात घालायची कापडी नळी) किंवा लोकरी मफलर गळा-कानांना, नाक उघडं, उतारासाठी खिशात दुसरा कोरडा. सुती स्कार्फ चालतो, पण सपाट रस्त्यावर, घाटात नको, तो घाम धरून बसतो. डोळ्यांना साधा पारदर्शक गॉगल घ्या, तुमचं पाणी वाऱ्याने येतंय, गाल झाकून ते थांबणार नाही. गालांना व्हॅसलिन चालेल, पण त्याने ऊब येत नाही, कातडी कोरडी पडत नाही एवढंच. जाड माकडटोपी हेल्मेटखाली अजिबात नको, हेल्मेट वर उचललं जातं आणि पट्टा सैल राहतो.

हां, दोन गोष्टी राहिल्या. मफलर वापरलात तर टोकं आत खोचलेलीच पाहिजेत, लोंबती टोकं चाकात जाऊ शकतात, दादांचा हा मुद्दा बरोबर होता आणि तेवढाच. आणि तुम्हाला दमा असेल किंवा गार हवेत छाती आवळल्यासारखी होत असेल तर नाक उघडं ठेवा हे माझं म्हणणं तुमच्यासाठी नाही. गार कोरडी हवा थेट आत गेली की श्वासनलिका आकसतात, अशांनी नाका-तोंडावर पातळ कापड सैल घ्यावं, पहिली दहा-पंधरा मिनिटं हळू चालवावी आणि डॉक्टरांनी पंप दिला असेल तर तो जवळ असू द्यावा.