आजारपण आईपासून लपवलं, चुकलं का माझं?

प्रश्न : ताई, मी परदेशात मास्टर्स करतेय, दुसरं वर्ष. गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत हॉस्टेल रिकामं झालं, आमच्या मजल्यावर मी एकटीच उरले आणि नेमका तेव्हाच सडकून ताप भरला, 102 च्या वर, चार दिवस. हेल्थ सेंटर बंद. घरी मात्र रोज "मस्त चाललंय" सांगायचे, नेट स्लो आहे म्हणून कॅमेरा बंद ठेवायचे. एका रात्री तर कोर्स सोडते असा मेलसुद्धा टाईप केला होता, पाठवला नाही एवढंच. नंतर आईला मैत्रिणीकडून कळलं, ती अजून दुखावलेली आहे. आता परत सुट्टी येतेय, तिकीट परवडत नाही. मी लपवलं ते चुकलं का? आणि परत आजारी पडले तर काय करू, नुसत्या विचारानेच धडधडतं.

उत्तर : अगं, आधी त्या मेलबद्दल बोलते, कारण ते तू एका ओळीत उरकलंस आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तापात आपलं शरीर इन्फेक्शनशी लढताना जी रसायनं सोडतं ती मेंदूवरही काम करतात, म्हणून गळून जायला होतं, कुणाशी बोलू नये वाटतं, सगळं व्यर्थ आहे असं वाटायला लागतं. म्हणजे त्या रात्री जे वाटत होतं त्यातलं बरंचसं तापाचं होतं, तुझ्या कोर्सचं किंवा तुझ्या कुवतीचं नव्हतं. मेल पाठवला नाहीस हे फार चांगलं केलंस. पुढच्या वेळीही असं काही ठरवावंसं वाटलं तर ताप उतरल्यावर दोन दिवस जाऊ दे, मग बघ.

आता आईचं. लपवण्यामागे तुझी माया होती, पण माझं स्पष्ट मत आहे की सांगायला हवं होतं. आईला त्रास आजाराचा कमी आणि "मला परकं केलं" याचा जास्त झालाय. आणि सांगायची पण एक पद्धत असते. "आई मला बरं नाहीये" एवढंच म्हणून फोन ठेवला की ती रात्रभर नको नको ते मनात आणणार. त्यापेक्षा ताप किती आहे, शेवटची गोळी कधी घेतली, पोटात काय गेलं आणि पुढचा फोन किती वाजता करणार हे सगळं सांग, आणि ती वेळ पाळ. मी स्वतः बाहेर शिकत असताना आजारी पडले तेव्हा व्हिडिओ कॉल चालू ठेवून झोपायचे, पलीकडे घरात भांडी वाजायची, कुणीतरी दार लावायचं, तेवढ्या आवाजानेसुद्धा झोप लागायची. आत्ताच आईला फोन करून सांग की या वेळी लपवणार नाही.

पण आई लांबून दार वाजवू शकत नाही. म्हणून सुट्टी लागायच्या आधी जवळचा एक माणूस ठरव, मागे राहिलेली वर्गातली मुलगी, लॅबमधलं कुणी, वॉर्डन, कुणीही. रोज सकाळ-संध्याकाळ एक मेसेज, आणि उत्तर नाही आलं तर त्या माणसाने येऊन बघायचं. कॅम्पस सिक्युरिटी बहुतेक ठिकाणी सुट्टीतही चोवीस तास असते, तो नंबर फोनमधे आणि भिंतीवर दोन्हीकडे असू दे. इमर्जन्सी नंबर पण पाठ कर, युरोपियन युनियनमधे 112, ब्रिटनमधे 999, अमेरिका-कॅनडात 911, ऑस्ट्रेलियात 000. इन्शुरन्स कार्डावरच्या नंबरला आत्ताच फोन लावून विचार की सुट्टीत कुठला डॉक्टर चालतो, तापात कुडकुडत ती बारीक अक्षरं वाचणं होत नाही.

फ्लूची लस तुझ्याकडे मिळत असेल तर सुट्टीच्या निदान दोन आठवडे आधी घे, तिचा परिणाम व्हायला तेवढा वेळ लागतो. थर्मामीटर, पॅरासिटामॉल आणि ओआरएस खोलीत असूच दे. पॅरासिटामॉलच्या बाबतीत मात्र जपून, मोठ्या माणसाला 24 तासांत जास्तीत जास्त 4 ग्रॅम, म्हणजे 500 च्या 8 गोळ्या, आणि दोन डोसमधे कमीत कमी 4 तास, वजन 50 किलोच्या आत असेल किंवा लिव्हरचा काही त्रास असेल तर किती घ्यायच्या ते डॉक्टर नाहीतर फार्मसिस्टला विचारूनच. सर्दीच्या पुष्कळ पावडरींमधे पॅरासिटामॉलच असतं, ते वेगळं समजून वरून घेतलं जातं आणि लिव्हरवर येतं. घेतलेली वेळ कागदावर लिहीत जा, कारण तापात एकटं असलं की मघाशी घेतली ती आजची का कालची हेच आठवत नाही.

ताप तीन दिवसांत उतरायला लागला नाही तर डॉक्टर गाठायचाच, चार दिवस काढायचे नाहीत. आणि दम लागला, छातीत दुखलं, डोकं दुखून मान आखडली, काचेचा ग्लास दाबूनही न जाणारे पुरळ आले, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला किंवा दिवसभर लघवीच झाली नाही तर कुणाला त्रास कशाला असा विचार न करता थेट इमर्जन्सी नंबर. तू भिडस्त आहेस हे पत्रावरून कळतंय, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

सुट्टीत दोन ओळी लिहून कळव, बरी असलीस तरी.